लाहोरच्या वकीलबाई



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर लाहोरच्या वकीलबाई कशासाठी, असे काहींना वाटेल. कायदा कागदावर काय म्हणतो आणि माणसाच्या वाट्याला कसा येतो, यातले अंतर अस्मा जहांगीर यांनी जन्मभर मोजले. सरकारी नियमावलीत आयुष्य गेलेल्या मला ते मोलाचे वाटते.

१९७१ साली त्यांचे वडील मलिक गुलाम जिलानी लष्करी कायद्याखाली स्थानबद्ध झाले. जेमतेम वीस वर्षांच्या कन्येने अर्ज केला. आपणांस अधिकार नाही, म्हणून उच्च न्यायालयाने हात झटकले. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये याह्याखानांची राजवटच बेकायदा ठरविली. याह्याखान तोवर पायउतार झाले होते, एवढे मात्र खरे.

खरा कस लागला तो १९९५ साली. तेथील दंडसंहिता मूळची १८६०ची, आपल्याकडे होती तीच. धर्मनिंदेचे २९५-सी कलम तीत १९८६ साली घातले गेले. त्याखाली सलामत मसीह या १४ वर्षांच्या ख्रिस्ती मुलास फाशीची शिक्षा झाली. आरोप मशिदीच्या भिंतीवर निंदाव्यंजक मजकूर लिहिल्याचा. आणि मुलास लिहिताच येत नव्हते! सहआरोपी मंजूर मसीह आदल्याच वर्षी गोळ्यांना बळी पडला होता. अस्माबाईंनी वकीलपत्र घेतले. जमावाने त्यांची मोटार फोडली. उच्च न्यायालयाने मुलास निर्दोष सोडले. निकाल देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांची १९९७ मध्ये हत्या झाली.

बाई २०१८ साली निवर्तल्या. लाहोरला जनाज्याच्या नमाजात स्त्रिया पुरुषांसमवेत उभ्या राहिल्या, आणि नमाज पढविली ती जमाते-इस्लामीचे संस्थापक मौदुदी यांच्या पुत्राने.