मधल्या पायरीचे गुन्हे : पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय जाणावे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्याख्यान)



बक्षीस समारंभाच्या दिवशी गुन्ह्यांविषयी बोलायला वकिलाला का बोलावले, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण माझ्या कचेरीत येणारे पालक काही गुंडांचे आईबाप नसतात. ते तुमच्याआमच्यासारखेच असतात. मुलाचे कोणाशी तरी भांडण झालेले असते, पोलीस ठाण्यातून निरोप आलेला असतो, आणि बापाचा पहिला प्रश्न असतो, "वकीलसाहेब, पोरगा सुटेल ना?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : कलम कोणते? पुढचे बरेच काही त्यावर ठरते.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण गुन्ह्यांची वर्गवारी करण्याची रीत बहुतांशी तीच राहिली. प्रत्येक गुन्ह्याला कायदा तीन प्रश्न विचारतो. पहिला, दखलपात्र की अदखलपात्र? दखलपात्र असेल तर पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र असेल तर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय तपासही करता येत नाही. दुसरा, जामीनपात्र की अजामीनपात्र? जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो द्यावा की नाही हे न्यायालय ठरवते, इतकेच. तिसरा, आपसात मिटवता येतो की नाही, आणि येत असल्यास न्यायालयाच्या परवानगीने की परवानगीशिवाय?

एक उदाहरण घ्या. चहाच्या टपरीवर दोन मुलांची बाचाबाची झाली आणि एकाने दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ सुजला तर ती साधी दुखापत : जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र, आणि मार खाणाऱ्याने मनावर घेतले तर परवानगीशिवाय मिटणारा. पण त्याच ठोशाने दात पडला तर? हाड किंवा दात मोडणे ही कायद्याने 'जबर दुखापत' आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे हीही जबर दुखापतच. शिक्षा सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. गुन्हा दखलपात्र होतो आणि मिटवायला न्यायालयाची परवानगी लागते. मात्र तो जामीनपात्रच राहतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. म्हणजे "जामीन मिळवून देतो" म्हणून पैसे उकळणाऱ्या मध्यस्थाला बळी पडायची वेळ येत नाही. मुलगा तोच, राग तोच, ठोसाही तोच. एका दाताने पायरी बदलली.

तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना मी मधल्या पायरीचे गुन्हे म्हणतो. इतर कायद्यांखालील गुन्ह्यांसाठी संहितेच्या पहिल्या अनुसूचीत सर्वसाधारण नियम दिला आहे : तीन वर्षांहून कमी शिक्षा असेल तर अदखलपात्र व जामीनपात्र, तीन ते सात वर्षे असेल तर दखलपात्र व अजामीनपात्र, खटला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यापुढे, सातहून अधिक असेल तर सत्र न्यायालयापुढे.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले की अटकेची गरज का आहे, याची कारणे पोलिसांनी नोंदवली पाहिजेत. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. आज ही तरतूद नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. म्हणून नोटीस आली की घाबरून मुलाला मामाच्या गावी पाठवू नका. जो हजर राहतो त्याला सहसा अटक होत नाही. जो नोटीस पाळत नाही त्याला होऊ शकते.

आता अठरा वर्षांखालील मुलांविषयी. त्यांच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्यात तीन पायऱ्या आहेत : तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे किरकोळ गुन्हे, तीन ते सात वर्षांचे गंभीर गुन्हे, आणि ज्यांची किमान शिक्षाच सात वर्षे किंवा अधिक आहे ते अघोर गुन्हे. कमाल शिक्षा सातहून अधिक, पण किमान सातहून कमी किंवा मुळीच नाही, अशांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते गंभीर या मधल्या पायरीवर ठेवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आले. याचे महत्त्व मोठे आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याचा विचार फक्त अघोर गुन्ह्यातच होऊ शकतो. मधल्या पायरीचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच चालते. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि मंडळाने दोषी धरले तरी तो डाग पुढे नोकरीच्या आड येऊ नये, अशी तरतूद आहे.

पण वय सिद्ध कशाने करायचे? कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतो. ते नसेल तरच नगरपालिकेचा दाखला, आणि तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी.

२०१८ साली एक वडील माझ्याकडे आले. मुलाच्या हातून असाच एक दात पडला होता. आईच्या हिशेबाने मुलगा साडेसतरा वर्षांचा. शाळेच्या रजिस्टरात १ जून, आणि त्या तारखेने अठरा पुरी. पहिलीत लवकर घ्यावे म्हणून वडिलांनीच वय वर्षाने वाढवून सांगितले होते. जन्म घरी झालेला, नोंद नाही. प्रकरण मंडळाऐवजी नेहमीच्या न्यायालयात गेले. जामीन त्याच दिवशी झाला, दीड वर्षाने परवानगीने तडजोडही झाली. परंतु मधल्या काळात नोकरीच्या अर्जावर "खटला प्रलंबित आहे काय?" या रकान्यात त्या मुलाला "होय" लिहावे लागले. वडील मला म्हणाले, "साहेब, ते एक वर्ष मी चोरलं." मला उत्तर सुचले नाही.

पालकांनो, आपल्यापैकी किती जणांच्या मुलांचा वाढदिवस कागदावर १ जून आहे? जन्माची नोंद वेळेवर करा आणि शाळेत खरी तारीख सांगा. आणि विद्यार्थी मित्रांनो, हात उचलण्यापूर्वी त्या दाताची आठवण ठेवा. तरीही प्रसंग आलाच, तर कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. ती खैरात नव्हे, तो हक्क आहे.