सांडपाणी आपले आणि क्षिप्रेचे
(हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



साठ वर्षांच्या या आनंदसोहळ्यात सांडपाण्याविषयी बोलणे कदाचित अप्रशस्त वाटेल. परंतु इंदूरकरांना हा विषय टाळता येणार नाही. आपल्या शहराची कान्ह नदी उज्जैनच्या घाटांच्या वरच्या अंगास क्षिप्रेला मिळते. 2016 च्या सिंहस्थापूर्वी कान्हेचे पाणी जलवाहिनीतून घाटांना वळसा घालून पुढे नेण्याची योजना करावी लागली. पाणी वळविले गेले; पण वळविल्याने ते शुद्ध होत नाही.

त्याच उज्जैनात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात विक्रम विद्यापीठाच्या संशोधकांनी खडीच्या वाफ्यात नळ नावाचे उंच गवत लावून घरगुती सांडपाणी शुद्ध करून पाहिले. यास निर्मित पाणथळ म्हणतात. सांडपाणी प्रथम निवळटाकीत थांबते; तेथे गाळ तळाशी बसतो व तेलकट साय वर राहते. मग ते सुमारे दोन फूट खोल खडीतून संथपणे वाहते. खडीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्मजीव त्यातील घाण खातात. पाणी खडीच्या पृष्ठाखालीच राहत असल्याने दुर्गंधी येत नाही, डासही होत नाहीत. बाहेर पडणारे पाणी पिण्याजोगे नसते. बागेस मात्र उत्तम.

मी घरी न्हाणीघराच्या व स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी, चार माणसांपुरता, सहा चौरस मीटरचा वाफा केला. पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी खडीवर पाणी तुंबू लागले. कारण निवळटाकीतील गाळ व साय मी वेळेवर काढली नव्हती. सारी खडी उपसून धुवावी लागली. दोष पद्धतीचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

डबा खाल्ल्यावर मुले जेथे हात धुतात, तेथील पाणी आजही गटारात जाते. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी असा एक वाफा बांधून द्यावा, ही माझी नम्र विनंती. बांधकामास एकदाच पैसा लागेल. निवळटाकी मात्र वर्षानुवर्षे साफ करावी लागेल. म्हणून देणगीत देखभालीचाही वाटा असावा, आणि टाकी पाहण्याची पाळी वर्गावर्गांनी घ्यावी. आपले पाणी कोठे जाते, हे ठाऊक असलेली मुले या शाळेतून बाहेर पडावीत, एवढीच या शुभप्रसंगी अपेक्षा.