बटणांचा डबा



आज आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती तुमच्या अंगावरच आहे. आपापल्या सदऱ्याकडे पाहा. होय, बटण!

कुणी म्हणेल, "गुरुजी, बटण म्हणजे दोन-चार भोकांची चकती. तिच्यावर भाषण कसले?" आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. पण एका मुलाने आमचे डोळे उघडले.

ही चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात आम्ही मास्तर होतो. तिसरीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. पाढे तोंडपाठ. एक दिवस तो सदऱ्याला बाभळीचा काटा टोचून आला. बटण एकही नव्हते. आम्ही सगळ्या वर्गासमोर त्याला रागे भरलो. "शाळेत नीट यावे, एवढे कळत नाही?" मुले हसली. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठ दिवस झाले, तरी नाही. मग आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई कापूस वेचून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "सदऱ्याले बटन नाही जी गुरुजी. पोट्टं लाजते."

आम्ही गप्प झालो. पाच बटणांपायी एका मुलाची शाळा सुटली होती. खरे म्हणजे बटणांपायी नव्हे, आमच्या बोलण्यापायी.

घरी आलो. आमचा एक जुना सदरा पोतेऱ्याला काढलेला होता. पाहतो तर त्याला बटणे तशीच! धड पाच बटणे आम्ही उकिरड्यावर पाठवणार होतो. ती कापली आणि त्या माउलीला नेऊन दिली. तिने लगेच लावली. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला. आम्ही वर्गासमोर सांगितले, "चूक आमची होती." त्या दिवसापासून शाळेच्या कपाटात सुई-दोरा आणि बटणांचा एक डबा राहू लागला.

डबा कसा भरावा?

आपले हिंगणघाट हे कापसाचे गाव. कापसाचे बोंड ते कापड, यात किती हातांची मेहनत असते, हे तुम्हांला सांगायला नको. कापड झिजते, पण बटण झिजत नाही. म्हणून कपडा पोतेऱ्यात टाकण्याआधी त्याची बटणे काढावी. ओढून काढू नयेत. दोरा कापून काढावीत.

मग ती निवडावी. आज बहुतेक बटणे प्लास्टिकची असतात. जुन्या कपड्यांना शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, करवंटीची किंवा पितळेची बटणेही मिळतात. शिंपल्याचे बटण गालाला लावले की गार लागते. प्लास्टिकचे तसे लागत नाही. पितळेचे बटण चिंचेने घासावे, धुऊन कोरडे करावे. शिंपल्याच्या बटणाला मात्र चिंच लावू नये. आंबटाने शिंपला खातो. लोखंडाची गंजलेली बटणे वेगळी ठेवावी. एकसारखी बटणे दोऱ्यात ओवून ठेवली म्हणजे वेळेला शोधावी लागत नाहीत.

पूर्वी आपल्याकडे बाराबंदी होती. तिला बटण नव्हते, बंद बांधत. कापडाच्या गाठीची गुंडीही लावत. बटण ज्यात बसते त्या भोकाला आपण काज म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज लोकांकडून आला. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर. काज हे बटणाचे घरच नाही का?

बटणांचे काय करावे?

पहिले काम अर्थातच कपड्याला लावण्याचे. जाड कापडाला लावताना बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवावी आणि काडीवरून टाके घालावे. मग काडी काढून बटण वर ओढावे. बटणाखाली सैल झालेल्या दोऱ्याला चार वेढे देऊन गाठ मारावी. असे बटण काजात सहज बसते आणि लवकर तुटत नाही.

उरलेल्या बटणांची शोभेची कामे करावी. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मागतात. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठ्या लाकडी बैलांसाठी नावाजलेला आहे. आमच्या शाळेतली मुले बैलाची झूल घरीच शिवत. जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा. कडा दुमडून शिवायच्या. कडेने एक-एक बोट अंतर ठेवून पांढरी बटणे लावायची. मधोमध फूल करायचे. मोठे बटण खाली, लहान बटण वर, दोन्हींच्या भोकांतून एकच दोरा. भोवती पाच बटणांच्या पाकळ्या. झाले फूल!

दाराचे तोरण, कापडी पिशवी, वाकळीची कड, रक्षाबंधनाची राखी, हे सगळे असेच सजते. खेळात सोंगट्या म्हणून आणि मुलांना बेरीज शिकवतानाही बटणे कामी येतात.

हे काही नवे नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बंजारा बायांचा जुना पेहराव पाहा. कवड्या, आरसे, नाणी, बटणे, सारे त्यावर टाक्याने बसवलेले असते. लहान-लहान वस्तू हाताच्या कसबाने दागिन्यासारख्या दिसतात.

विलायतेतही एक असा माणूस होऊन गेला. हेन्री क्रॉफ्ट त्याचे नाव. जन्म १८६१ सालचा. तो अनाथ होता आणि लंडन शहरात रस्ते झाडत असे. त्याने शिंपल्याची बटणे जमवून आपला सगळा पोशाख बटणांनी मढवला. तो पोशाख पाहायला लोक जमत. तेव्हा तो गोरगरिबांसाठी आणि दवाखान्यांसाठी पैसे गोळा करी. १९३० साली तो वारला. पण लंडनमध्ये आजही लोक तसे पोशाख घालून दानधर्मासाठी पैसे जमवतात.

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम मांडली. हाताने काम करत-करत शिकावे, असे ते सांगत. सुई हातात धरणे हेही शिक्षणच आहे, आणि ते मुलालाही हवे, मुलीलाही हवे.

एक सावधगिरी

हा डबा तान्ह्या मुलांच्या हाती पडू देऊ नका. मुले बटण तोंडात घालतात, नाकात कोंबतात. श्वास अडकू शकतो. लहान मुलांच्या बाहुल्यांना बटणाचे डोळे लावू नका.

आणखी एक गोष्ट. घड्याळात, खेळण्यात चकतीसारखा लहान सेल असतो. दिसायला तो बटणासारखाच. तो या डब्यात कधीही टाकू नका. मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननळी भाजू शकते. उलटी करवू नका. वाट पाहू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.

मंडळी, आज घरी गेल्यावर एक रिकामा डबा शोधा. पोतेऱ्याच्या कपड्यांची बटणे त्यात टाका. थेंबे थेंबे तळे साचे. वर्षभरात तुमचा डबा भरेल.

आणि कुणाच्या पोराच्या सदऱ्याला बटण दिसले नाही, तर हसू नका. आम्ही हसे केले, त्याची रुखरुख अजून आहे. त्याला जवळ बोलवा. डबा उघडा. सुई-दोरा घ्या आणि बटण लावून द्या.