आरोग्याचे नियोजन आणि आपल्या माणसांची मोजणी

(वर्षावासानिमित्त बेंबळी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आकड्यांचा आहे, त्यामुळे मागच्या रांगेतील मुले आत्ताच चुळबुळ करू लागली आहेत. मी डॉक्टर नाही, गणिताचा पदवीधरही नाही. कला शाखेचा विद्यार्थी आणि बँकेतला लिपिक. परंतु खातेवहीत नाव नसलेल्या माणसाला बँक एक रुपयाही देत नाही, हे मी रोज पाहतो. आरोग्याच्या बाबतीतही जवळजवळ हाच कायदा चालतो. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी औषध, परिचारिका, तपासणीचे साहित्य यांपैकी काहीही मंजूर होत नाही. म्हणून हा विषय विहारात बोलण्यासारखा आहे असे मला वाटते.

मोजणीचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी वेगळे शिकवायला नको. १९३२ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. त्या वेळी काही प्रांतांतील मंडळी आपल्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच असे सांगू लागली होती. माणसे होती, गावकुसाबाहेर राहत होती, पण कागदावर ती नाहीशी करण्याचा प्रयत्न होता. आणि संख्या नाहीशी झाली की हक्कही नाहीसा होतो. पुढे १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २,४८७ होती आणि १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. धम्मक्रांतीची ही नोंद सरकारी कागदावर उमटावी म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी प्रगणकासमोर ठामपणे आपला धर्म सांगितला. त्याच जाणिवेने आता रोगांकडे पाहावयाचे आहे.

आजाराचे सर्वसाधारण बोलणे करण्यापेक्षा मी एकच आजार घेतो, कारण त्याचा जगातील एक मोठा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही. तो आजार म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. पुरुष वक्त्याने हे बोलावे का, असा संकोच कोणाला वाटत असेल तर तो बाजूला ठेवावा. संकोचाने या रोगाला फार मदत केली आहे.

या रोगाचे कारण आज निश्चित कळलेले आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. काहींच्या बाबतीत तो टिकून राहतो आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत त्यातून कर्करोग होऊ शकतो. म्हणजे रोग चोरासारखा रात्रीतून येत नाही. तो वर्षानुवर्षे उंबरठ्यावर बसून असतो. त्या काळात एकदा जरी नीट तपासणी झाली तर त्याला तेथेच थांबवता येते.

आपल्या भागात मोजणीची सुरुवात बार्शीकडून झाली. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातील ही पहिली ग्रामीण नोंदवही. मुंबईत अशी नोंद रुग्णालयांतून होई. परंतु खेड्यातला रुग्ण रुग्णालयात जातच नाही, तर नोंद कोठून होणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना भेटले, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावरून अवेळी जाते, याची चौकशी करू लागले. त्यातून दिसले की आपल्या ग्रामीण स्त्रियांत हाच कर्करोग सर्वांत जास्त आहे. आणखी एक गोष्ट घडली. चौकशीच्या निमित्ताने गावात रोगाची माहिती पोहोचली आणि स्त्रिया आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. बार्शीच्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे प्रसिद्ध केले.

नोंदवहीने प्रश्न दाखवला. पण उपाय कोणता करावा हे ती सांगू शकत नव्हती. तपासणीच्या तीन पद्धती होत्या. एक, पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे पॅप तपासणी. दुसरी, सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. ही सर्वांत स्वस्त. तिसरी, विषाणू आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासणे. यांतली खेड्यात कोणती उपयोगी पडेल? प्रत्येक तज्ज्ञाचे मत वेगळे होते. तथागतांनी कालामांना सांगितले होते की कोणी मोठा माणूस म्हणतो एवढ्यावरून मान्य करू नका. येथेही तसेच झाले. मत बाजूला ठेवून पडताळा घेण्याचे ठरले.

ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हे काम सुरू झाले. टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते केले. डॉ. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातील प्रमुख नावे. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता. जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांची चार भागांत वाटणी केली. तीन भागांत वर सांगितलेली एकेक तपासणी झाली आणि चौथ्या भागात कोणतीच नाही. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ स्त्रिया यात होत्या. तपासणीसाठी बोलावलेल्यांपैकी पाचांत चार आल्या. आपल्या बायका येत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आठ वर्षांनंतरचा निकाल २००९ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात आला. विद्यार्थ्यांनी येथे वहीत आकडे उतरवून घ्यावेत. विषाणू-तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या आणि त्यांत कर्करोग सापडला १२७ जणींना. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या आणि कर्करोग सापडला ११८ जणींना. वरवर पाहणारा म्हणेल, तपासणी करून काय मिळाले? उलट रोगी जास्तच निघाले! वर्तमानपत्रात आकडा वाचताना आपण नेमके येथेच थांबतो. पुढे वाचले पाहिजे. पहिल्या गटातील १२७ पैकी पुढच्या अवस्थेला गेलेल्या फक्त ३९ होत्या. दुसऱ्या गटातील ११८ पैकी ८२. मृत्यू पहिल्या गटात ३४, दुसऱ्या गटात ६४. दर दहा हजार स्त्रियांमागे हिशेब केला तर एकीकडे सुमारे दहा आणि दुसरीकडे सुमारे वीस. एकाच तपासणीने, तीही आयुष्यात एकदाच केलेल्या, मरण निम्म्यावर आले. पॅप तपासणी आणि नजरेने पाहणे या दोन गटांत मात्र मृत्यूंत अशी ठाम घट सिद्ध झाली नाही.

येथे एक शंका येते. तपासणीत "आहे" असे निघाले म्हणजे कर्करोग झाला का? नाही. विषाणू-तपासणीत दर शंभरात दहा जणी अशा निघाल्या आणि त्यांतील फार थोड्यांना उपचार लागावा असा बिघाड होता. नियोजन करणाऱ्याला हा आकडा आधी माहीत हवा. हजार स्त्रियांची तपासणी ठरवली तर शंभर जणींना पुन्हा पाहण्याची सोय, त्यांना धीर देणारी परिचारिका, त्यांच्या नवऱ्यांना समजावणारा माणूस, हे सगळे तपासणीच्या आधी उभे करावे लागते. ते न करता शिबिर घेणे म्हणजे घरोघर भीती वाटून परत जाणे.

आता प्रतिमान म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकावर एक काल्पनिक गाव वसवायचे. त्यातील स्त्रियांना कोणत्या वयात संसर्ग होतो, कितींचा बरा होतो, कितींचा वाढतो, हे खऱ्या अभ्यासांतून घेऊन भरायचे. मग त्या गावावर वेगवेगळ्या योजना चालवून पाहायच्या. पस्तिसाव्या वर्षी एकदा तपासले तर? दोनदा तपासले तर? खर्च किती, जीव किती वाचतील? खऱ्या गावात ज्याला तीस वर्षे लागतील ते संगणक थोड्या वेळात दाखवतो. २००५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील सू गोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह पाच देशांसाठी असा हिशेब मांडला. पस्तिशीच्या सुमारास आयुष्यात एकदा तपासणी केली तरी या कर्करोगाचा धोका २५ ते ३६ टक्क्यांनी कमी होतो असे त्यात निघाले. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. स्त्रीला जितके कमी हेलपाटे पडतील तितकी योजना सरस ठरली.

हे समजायला संगणक लागत नाही. नमुना द्यायला एकदा, निकाल घ्यायला एकदा, उपचाराला एकदा, असे तीन हेलपाटे धरू आणि प्रत्येक वेळी दहांतल्या आठच येतात असे मानू. शंभरातल्या ऐंशी येतील, मग चौसष्ट, मग एक्कावन्न. म्हणजे निम्म्या वाटेतच गळाल्या. ज्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडाली की त्या दिवसाचे तेलमीठ बुडते, तिला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. योजनाच तिच्या दिवसाच्या हिशेबाने आखली पाहिजे.

या अभ्यासाबद्दल एक कटू प्रश्नही आहे आणि तो लपवून मी पुढे जाणार नाही. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणी दिली नाही. त्यांना रोगाची माहिती दिली, नेहमीच्या दवाखान्याची वाट मोकळी होती, एवढेच. एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी भारतातील अशा अभ्यासांवर कठोर टीका केली आणि २०१४ मध्ये भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात तो वाद झाला. जिल्ह्यात तेव्हा कोणालाच तपासणी मिळत नव्हती आणि कोणती पद्धत येथे उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हते, अशी दुसरी बाजू आहे. दोन्ही बाजू वाचून माझे मत असे झाले आहे की, ज्या जिल्ह्यातील स्त्रियांच्या जगण्या-मरण्याच्या मोजणीतून जगाला ज्ञान मिळाले, त्या जिल्ह्याचे जगावर आणि सरकारवर ऋण आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणू-तपासणीलाच पहिली पसंती दिली. आपल्या देशाच्या २०१६ च्या आराखड्यात मात्र तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी नजरेने पाहण्याची पद्धत आहे, आणि तीही किती जणींपर्यंत पोहोचली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या रोगाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

तपासणी नसते तेथे काय होते ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. सहांमागे एक! देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. कर्करोगाची भीती घालून पिशवी काढली, अशी कित्येकींची तक्रार होती. तपासणी असती तर कोणाला खरोखर गरज आहे हे कळले असते. आणि मोजणी झाली नसती तर हा सारा प्रकार गावगप्पा म्हणूनच राहिला असता.

आपल्या जिल्ह्यातही कळंब, वाशी, भूमकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. एखादे शिबिर जानेवारीत ठेवले तर वस्तीत म्हातारी माणसे आणि कुलपे सापडतील, आणि अहवालात लिहिले जाईल, "प्रतिसाद अल्प". पुढच्या वर्षी त्याच अहवालावरून येथे गरज नाही असे ठरेल. संगणक कितीही मोठा असो, त्याला कुलूप दिसत नाही. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे नियोजन २०११ च्या लोकसंख्येवर चालले. अशा वेळी वस्तीने आपली नोंद आपण ठेवलेली बरी.

म्हणून संस्थेपुढे माझी सूचना आहे. विहारात एक वही ठेवावी. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीचे नाव, वय, ती कोणत्या महिन्यांत बाहेरगावी असते, तपासणी कधी झाली, पिशवी काढलेली आहे का, एवढेच रकाने. पिशवीचा रकाना विसरू नये, कारण उस्मानाबादच्या अभ्यासातही गर्भाशय असलेल्या स्त्रियाच घेतल्या होत्या. ती संख्या वजा केल्याशिवाय किती साहित्य लागेल याचा हिशेब जुळत नाही. आशाताई तीस वर्षांवरील सर्वांचा फॉर्म भरतातच. त्यांच्या यादीशी ही वही ताडून पाहावी आणि जी नावे सुटली असतील ती प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी द्यावीत, पोच घेऊन. तपासणीचा निकाल मात्र या वहीत लिहू नये. विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि निकाल फुटला तर एखादीचा संसार संशयाने मोडेल. वही महिला मंडळाच्या ताब्यात, कुलपात राहावी. पुरुष पदाधिकाऱ्यांनीही ती उघडू नये.

काम दसऱ्यापूर्वी, टोळ्या जाण्याआधी पुरे व्हायला हवे. विद्यार्थ्यांनी दोन-दोन जणींच्या जोड्या कराव्यात. या कामाला मुलीच बऱ्या. वय विचारल्यावर पुष्कळ आयाबाया "असेल चाळीस-पन्नास" असे सांगतील. ते तसेच लिहू नका. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडीवर होता की आईच्या कडेवर, १९९३ च्या भूकंपात लग्न झाले होते की शाळेत होता, असे विचारा. वय बरोबर निघते. आणि भूकंपाच्या साली जी पाळण्यात होती, तिचेही नाव आता या वहीत यावयाचे आहे.

जय भीम.