मनी बिघडली नव्हती

मागे जो आवाज येतोय ना, तो पावसाचा. भांगरवाडीत, आमच्या लोणावळ्याच्या घरात बसून बोलतेय आणि जुलै चालू आहे. इलाज नाही.

आज मनीबद्दल. मनी पंधरा वर्षांची. मी तिसरीत असताना आमच्याकडे आली.

गेल्या पावसाळ्यात तिने सगळ्यांची झोप उडवली. रात्री दोन-अडीचला भिंतीकडे तोंड करून ओरडायची. साधं म्याव नाही, लांबलचक, घशातून. आजी म्हणायची, मांजर रडणं चांगलं नाही. मग आईच्या गादीवर शू सुरू झाली. इथे पावसाळ्यात साधा रुमाल चार दिवस वाळत नाही, गादीचं काय सांगू! आई म्हणाली, "डूख धरून करतेय ही." मलाही पटलं. एका रात्री मी तिला उचलून मागच्या पडवीत ठेवलं आणि कडी लावली. सकाळी चपलांच्या मागे भिजून बसली होती. दार उघडलं तर आत येऊन माझ्याच पायाला अंग घासलं.

हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

तिला पुसायला घेतलं तेव्हा हाताला नुसती हाडं लागली. मग एकेक आठवायला लागलं. पाण्याची वाटी दिवसातून तीनदा भरावी लागत होती. खिडकीत उडी मारणं तिने कधीच सोडलं होतं. शेजारच्या काकांनी गाडी काढली आणि भाजीच्या झाकणाच्या टोपलीतून तिला तळेगावला व्हेटकडे नेलं. रक्त, लघवी, बीपी. हो, मांजराचंही बीपी मोजतात, पायाला छोटा पट्टा बांधून.

किडनी थकलेली, बीपी वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, किडनीचं साधारण दोन तृतीयांश काम थांबेपर्यंत मांजर वरून फारसं काही दाखवत नाही. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून शू जास्त, म्हणून तहान जास्त. त्यात मागचे सांधे दुखत होते. आमच्या ट्रेची कड उंच, ती ओलांडताना दुखायचं. गादी जमिनीवर अंथरलेली, मऊ. तिने सोपी जागा शोधली, बस. रात्रीचं ओरडणं बीपीमुळे असू शकतं, थायरॉइडमुळे किंवा म्हातारपणी होणाऱ्या गोंधळानेही. तिचं थायरॉइड नॉर्मल निघालं.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण बाबा करणारच होते. अंग गरम लागतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल मांजराला द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. जीव जातो.

आता काय करतो? ट्रेची एक बाजू कापून जवळजवळ जमिनीला टेकवली. दुसरा ट्रे आईच्या खोलीत. पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा. बीपीची गोळी रोज, किडनीचं खाणं वेगळं, ते तिला अजिबात आवडत नाही. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. पहिल्यांदा सुई धरताना माझेच हात कापत होते. आता आई तिला मांडीवर घेते, तीच आई, आणि "झालं गं बाई, झालं" म्हणत राहते.

ओरडणं कमी झालंय, थांबलेलं नाही. गादीवर महिन्यातून एखाद्या वेळी होतंच. किडनी परत येणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

आई हाक मारतेय. सलाईनची पिशवी कोमट पाण्यात ठेवलीय, गार झाली तर मनी चिडते. थांबते इथेच.