कणगी गोल का असते?

हातातलं काम थांबवू नका, निवडता-टिपता ऐका. आज बोलायचं आहे घराच्या आकाराबद्दल.

सुरुवात करू आपल्या कणगीपासून. ती गोल का असते? आत भरलेली ज्वारी चहूकडून बाहेर रेटा देते. गोल कणगीत तो रेटा सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनी विणली असती, तर बाजू फुगल्या असत्या आणि कोपरे आधी उसवले असते.

गोलाचा दुसरा फायदा जागेचा. ४४ फूट दोरी घ्या. तिचा चौकोन केला तर एक बाजू ११ फूट, आतली जागा १२१ चौरस फूट. त्याच दोरीने आठ सारख्या बाजूंचा अष्टकोन केला, तर जागा सुमारे १४६ चौरस फूट. आणि गोल केला, तर १५४! भिंत तेवढीच, माती तेवढीच, जागा मात्र ३३ चौरस फूट जास्त.

अशी गोल घरं गुजरातमध्ये कच्छात आहेत. भुजच्या उत्तरेला, रणाच्या कडेला बन्नीचा गवताळ मुलूख आहे. तिथल्या होडका, लुडिया अशा गावांत या घरांना 'भुंगा' म्हणतात. आपल्याला फुलावरचा भुंगा आठवेल, पण हे आहे मातीचं गोल घर. भिंत जाड मातीची, दार एक, खिडक्या लहान. वर गवताचं निमुळतं, हलकं छप्पर. भिंतीवर आडवं लाकूड, त्यावर मधोमध उभा खांब आणि त्या खांबावर छपराचा शेंडा. उन्हाळ्यात आत गारवा राहतो.

भिंती लिंपतात बायकाच. शेणमातीची नक्षी काढून तीत आरशाचे तुकडे बसवतात. कुटुंब वाढलं, की जुना भुंगा वाढवत नाहीत, शेजारी दुसरा बांधतात. कारण गोल घराला खोली जोडणं अवघड. कपाट, पेटीही भिंतीला नीट टेकत नाही. ही झाली त्याची अडचण.

आता त्याचं बळ ऐका. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. दगडविटांची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. पण बहुतेक भुंगे उभे राहिले. ज्यांचं नुकसान झालं, त्यांत मुख्यतः कच्च्या मालाचे किंवा डागडुजी न झालेले भुंगे होते. भूकंपात चौकोनी घराची भिंत बाहेर ढकलली जाते आणि कोपऱ्यात फाटते. भुंग्याला कोपराच नाही. धक्का कणगीसारखा सगळ्या भिंतीत वाटला जातो, आणि डोक्यावर ओझंही कमी.

आपल्याकडची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती बोळवून किल्लारी आणि आसपासची गावं झोपली होती. जाडजूड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, वर माळवदाच्या मातीचे थर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. घर जितकं जड आणि त्याच्या भिंती जितक्या सुट्या, तितका धोका जास्त.

मग आपण सगळ्यांनी गोल घरं बांधायची का? तसं नाही. आपल्याला घरकुल चौकोनीच मिळणार. पण गोल घरात भिंत जशी सलग असते, तशी चौकोनी घराची एकमेकींना बांधता येते. त्यासाठी गवंड्याला तीन गोष्टी विचारा. एक, जोत्याला, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली लोखंडी सळ्यांची काँक्रीटची पट्टी चारही भिंतींवरून न तुटता फिरवली आहे का? दोन, दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब आहे का? तीन, छतावर नको असलेलं वजन तर नाही ना?

"बाईला बांधकामातलं काय कळतं," असं कुणी म्हणेल. मैत्रिणींनो, भिंत सारवते कोण? कोपऱ्यातली चीर पहिल्यांदा कुणाच्या हाताला लागते? ती नुसती शेणमातीने बुजवू नका. घरात सांगा. चीर वाढत असेल, तर पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला ४४ फुटांची दोरी घेऊन या. अंगणात चौकोन, अष्टकोन, गोल आखा आणि आत किती जणी बसतात ते मोजा. आणि घरी गेल्यावर घराला एक फेरी मारा, चारही कोपरे हात लावून बघा.