मला घ्याल का तुमच्यात?

श्रोतेहो, उसने पैसे मागताना माणूस लाजतो हे आपण समजू शकतो. मुलीसाठी स्थळ विचारायला गेलेला बाप परक्या उंबऱ्याशी घुटमळतो, तेही समजते. पण आपल्यासारख्याच चार माणसांच्या मंडळात जाऊन "मलाही घ्या" एवढे म्हणायला भलाभला माणूस वर्षानुवर्षे कचरतो, याचे मला फार नवल वाटते. तिथे काही पैसे मागायचे नसतात. उलट आपणच वर्गणी द्यायची असते! तरी जीभ उचलत नाही.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रकार विशेष दिसतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही एके काळची गावेच. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली, आणि तेव्हापासून कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, विदर्भातून माणसे येऊन इथल्या चाळींत नि इमारतींत राहू लागली. तुमच्यापैकी पुष्कळांचा मुलगा, भाऊ, नाहीतर जावई तिकडे असेल. आता गावात कसे असते? माणूस जन्माला आला की तो आळीचा झाला, भावकीचा झाला, पालखीच्या खांदेकऱ्यांतला झाला. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. उपनगरात उतरलेल्या माणसाला मात्र जे गावात आपोआप मिळाले होते ते नव्याने मागून घ्यावे लागते. आणि आपलीच वस्तू मागून घेण्याची सवय त्याला कुठून असणार?

मुलुंडला माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. सातारा जिल्ह्यातले. गावच्या भजनात पखवाज त्यांच्याकडे असे. नोकरीसाठी मुलुंडला आले आणि त्यांच्या इमारतीसमोरच दर गुरुवारी एका मंडळाचे भजन चाले. हे आपले गॅलरीत उभे राहून ऐकायचे. बोटे कठड्यावर चालायची. बायको म्हणायची, "अहो, जा की खाली!" हे म्हणायचे, "बोलावलं तर जाईन. आपण होऊन कसं जायचं?" असे अकरा वर्षे चालले. मग एका पावसाळ्यात रात्री त्यांचे वडील गेले. वडील त्यांच्याजवळच होते. रात्रीचे दोन, बाहेर धो धो पाऊस, आणि कोणाचे दार वाजवावे हे यांना कळेना. कल्याणचा मेहुणा पहाटेच्या पहिल्या गाडीने येईपर्यंत नवरा-बायको दोघेच वडिलांपाशी बसून राहिली. समोरच्या इमारतीत वीस माणसे होती, हाकेसरशी धावली असती. पण हाक मारायला नाव तर ठाऊक हवे!

पुढे त्या मंडळातल्या एकाशी माझे बोलणे झाले. तो म्हणाला, "आम्हांला वाटायचं, साहेबांना भजनाची आवड नसेल. दिसले की मान खाली घालून जायचे. आणि पखवाज वाजवतात हे आम्हांला कुठं माहीत? आम्ही तर सप्ताहाला दोन वर्षं ठाण्याहून वादक आणत होतो, पैसे देऊन!" म्हणजे पहा, हे बोलावण्याची वाट पाहत होते आणि मंडळ यांच्या विचारण्याची वाट पाहत होते. अकरा वर्षे!

यात मंडळाचा दोष नाही असे मी म्हणणार नाही. नवा माणूस राहायला आला की दोघांनी जाऊन त्याची चौकशी करावी, ही साधी माणुसकी आहे. पण मंडळवाले आपण होऊन बोलवत नाहीत याला दर वेळी शिष्टपणाच कारण असतो असेही नाही. काही ठिकाणी तशी रीतच आहे. आपला वारकरी संप्रदाय घ्या. तुळशीची माळ घाला म्हणून कोणी कोणाच्या दारी जात नाही. ज्याला वारकरी व्हायचे असेल त्याने स्वतः एखाद्या जुन्या वारकऱ्याकडे, फडावरच्या मुख्यांकडे जायचे आणि माळ मागायची. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली जाते, नेमधर्म सांगितले जातात, आणि मग ती गळ्यात पडते. मागितल्याखेरीज माळ नाही. यात अपमान कसला? मनापासून आलेला माणूस हवा, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या गावात माळकरी असतील; त्यांना विचारून पहा, माळ मागताना लाज वाटली होती काय म्हणून.

गंमत अशी की हीच रीत सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका बंधुसंघात आहे. फ्रीमेसन लोकांची नावे तुम्ही ऐकली असतील. मुंबईत फोर्ट भागात त्यांचे मोठे सभागृह आहे. बंद दारांआड त्यांचे विधी चालतात म्हणून उत्तरेकडे लोक त्यांच्या वास्तूला 'जादूघर' म्हणत. जादू वगैरे काही नाही. त्यांच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे सभासदाने कोणाला 'ये' म्हणून आग्रह करायचा नाही. ज्याला यायचे त्याने विचारायचे. मग दोघे सभासद त्याचे नाव सुचवतात आणि पांढऱ्या-काळ्या गोळ्या टाकून मत घेतले जाते. पुष्कळ सज्जन माणसे 'मला अजून कोणी बोलावले नाही' म्हणून जन्मभर बाहेर राहिली असतील, आणि आतली माणसे 'याने अजून विचारले नाही' म्हणून गप्प.

"पण विचारल्यावर 'नाही' म्हणाले तर?" खरी भीती हीच. तर याच संघातली एक मुंबईची हकिकत सांगतो. माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ. पुढे १८६३ साली मुलींसाठी शाळा काढणारे सुधारक म्हणून ते नावाजले. तरुणपणी त्यांनी मुंबईतल्या गोऱ्या मेसनांकडे प्रवेश मागितला. नकार मिळाला. ते युरोपात गेले तेव्हा तिथे पुन्हा विचारले, आणि पॅरिसच्या शाखेने त्यांना घेतले. परत आले तरी मुंबईची जुनी शाखा दार उघडीना. पण यांनी दोनदा विचारल्यामुळे प्रश्न उघड्यावर आला होता. तो आता झाकून ठेवता येईना. शेवटी डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ साली मुंबईत नवी शाखा निघाली, 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया', आणि तिच्यात हिंदी माणसांना प्रवेश मिळू लागला. माणेकजी पहिल्या नकारानंतर घरी बसले असते, तर ती शाखा कधी निघाली असती कोणास ठाऊक. १९६१ साली तर भारताची स्वतंत्र ग्रँड लॉजच स्थापन झाली. बायकांना मात्र त्या लॉजच्या शाखांत प्रवेश नाही. असो, तो वेगळा विषय.

बायकांवरून आठवले. घाटकोपरच्या एका डोंगरवस्तीतली बाई. शेजारच्या गल्लीत बचत गट होता. महिनाभर मनात घोळवून एके दिवशी ती गेली, आणि गटाची अध्यक्षीण म्हणाली, "भरला आमचा गट." बाई रडत घरी आली. आपली साडी जुनी, आपण अहिराणी बोलतो, म्हणून आपल्याला टाळले असे तिला वाटले. वस्तुस्थिती अशी की बचत गट साधारणपणे दहा ते वीस जणींचा असतो. त्यापुढे संख्या वाढवत नाहीत. त्यांच्या वीस झाल्या होत्या, एवढेच. पण तिने रडत का होईना ते पाण्याच्या नळावर बोलून दाखवले. तेव्हा कळले की तिच्यासारख्याच 'भरला' म्हणून परतलेल्या आणखी सहाजणी आहेत. त्यांनी आपापल्या ओळखीच्या आणखी चारजणी जमवल्या आणि दुसरा गट झाला. आज त्या बाई त्याच्या सचिव आहेत. जुन्या गटातल्या बाईनेच त्यांना हिशेबाची वही कशी लिहायची ते दाखवले.

आता ही लाज येते तरी कशाची? मी पुष्कळांना विचारले. कोणी म्हणाले, वर्गणी किती असेल या धास्तीने. ती विचारायचीही चोरी वाटते. कोणी म्हणाले, आमची बोली ऐकून हसतील. मालवणी माणसाला वऱ्हाड्यापुढे आणि वऱ्हाड्याला पुणेकरापुढे उगाच ओशाळल्यासारखे होते. आणि काही जणांनी, जरा आवाज खाली आणून, सांगितले ते असे: "पहिला प्रश्न आडनाव काय, दुसरा गाव कोणतं. तिसरा प्रश्न ते तोंडानं विचारत नाहीत." मंडळी, आडनाव विचारणारा प्रत्येक जण जात विचारत असतो असे नव्हे. पण विचारणारे आहेत, हेही खरे. अशा ठिकाणी ज्याला लाज वाटायला हवी तो विचारायला गेलेला माणूस नव्हे. त्याने त्या मंडळाचा पायरव सोडावा आणि दुसऱ्या मंडळात विचारावे. उपनगरात मंडळांना तोटा नाही. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ १९२३ सालापासून आहे, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे, शिवाय गल्लोगल्ली वाचनालये, महिला मंडळे, गावोगावच्या लोकांची ग्रामस्थ मंडळे. लोकलगाडीच्या डब्यातसुद्धा भजनी मंडळ असते! त्यात शिरायला तर बोलावेही लागत नाही. रोज त्याच डब्यात उभे राहावे आणि एक दिवस धृपदाला आवाज लावावा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी टाळ पुढे करतो.

इतर ठिकाणी मात्र बोलावे लागते. ते कोणाशी आणि केव्हा, याला थोडा विचार हवा. उत्सवाच्या दिवशी व्यासपीठावरच्या अध्यक्षांना गाठू नये. त्यांना तुमचे तोंडही आठवणार नाही. चिटणिसाला गाठावे, आणि तेही मांडव सोडण्याच्या दिवशी. त्या दिवशी बांबू उचलायला माणसे कमी असतात. अशा वेळी "मी इथे अमुक इमारतीत राहतो, मला मंडळात यायचं आहे, वर्गणी काय असते?" असे एका दमात विचारावे. पाल्हाळ लावला की अवघडलेपण वाढते. आपल्याला काही येत असेल, पेटी, पखवाज, हिशेब, सुवाच्य अक्षर, तर तेही सांगावे. ती बढाई होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपण वर्गात अर्जलेखन शिकवतो. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज. 'सभासद करून घ्यावे' असा अर्ज एकदा लिहून घ्या ना! आणि तो मुलाला उभे राहून तोंडी म्हणायलाही लावा, कारण ही मुले उद्या परक्या गावी जाणार आहेत. तसेच, बदलीच्या गावी शिक्षक स्वतः काय करतो? शाळा सुटली की खोलीवर. गाव म्हणते, गुरुजी मिसळत नाहीत. गुरुजी म्हणतात, गाव बोलवत नाही. मुलुंडची अकरा वर्षे ती हीच.

राहता राहिली सहकारी संस्था. पतपेढी, ग्राहक भांडार, गावची विविध कार्यकारी सेवा संस्था. इथे विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हेच. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान काढले तेव्हापासून सहकाराचे दार खुले ठेवायचे हे तत्त्व आहे, आणि आपल्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये ते कायद्याने आलेले आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर कारणासह कळवावे लागते, आणि त्यावर निबंधकाकडे अपील करता येते. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवले नाही, तर अर्जदार सभासद झाला असे धरले जाते. तेव्हा 'बघू, पुढच्या सभेत' म्हणून कोणी टोलवले तर ओशाळून परत फिरू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, एक त्यांच्याकडे द्या, आणि दुसरीवर तारीख घालून पोच घ्या. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे असतात.